विश्लेषण : विझलेल्या एका बटणामुळे जुने ध्वनिमुद्रण पुसले जाऊ शकते? स्पूल रेकॉर्डरची दुरुस्ती अवघड का?

मैफली, मुलाखती, नाटके, लोकगीते, भाषणे असा मोठा ठेवा गेल्या शतकाच्या उत्तरार्धात स्पूल टेपवर ध्वनिमुद्रित झाला. तो संगणकावर उतरवून घ्यायचा तर टेप वाजवणारा रेकॉर्डर चालू स्थितीत हवा. अनेकदा या रेकॉर्डरची मोटर आणि हेड ठणठणीत असतात, पण समोरच्या पट्टीवरचे दिव्याचे बटण लागत नाही किंवा दबत नाही आणि सगळे यंत्रच कोपऱ्यात पडते. हे बटण इतके महत्त्वाचे का, ते मिळवायचे कसे, बल्बऐवजी एलईडी चालतो का आणि ‘दुरुस्तीच्या हक्का’चे नवे नियम येथे कितपत उपयोगी पडतात, याविषयी…

हा प्रश्न आताच का?

टेपवरचा चुंबकीय थर काळाबरोबर खराब होतो, हे सर्वांना माहीत आहे. टेप टिकली तरी ती वाजवणारे यंत्र टिकेल का, हा त्याहून तातडीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी अभिलेखागाराने २०१५ मध्येच ‘डेडलाइन २०२५’ या नावाने याबाबत इशारा दिला होता. ‘युनेस्को’च्या ‘इन्फर्मेशन फॉर ऑल’ कार्यक्रमाने ध्वनी व दृक्श्राव्य अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेसह २०१९ मध्ये ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ हा प्रकल्प हाती घेतला. टेप वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि दुरुस्तीचे ज्ञान दुर्मीळ होत असल्याने साधारण २०२५ नंतर टेपवरील मजकूर उतरवणे फार कठीण होईल, असा त्यामागचा अंदाज होता. ती मुदत उलटली आहे. मुंबईतील एनसीपीए, गुरुग्राममधील ‘आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’ यांसारख्या संस्थांकडे संग्रह आहेत. शिवाय पुण्या-मुंबईतील कितीतरी घरांत खासगी मैफलींची स्पूल कपाटात पडून आहेत. त्यातील अनेकांची दुसरी प्रत नाही.

दिव्याच्या बटणात नेमके असते काय?

एका छोट्या बटणात तीन वेगळे भाग असतात. पहिला भाग म्हणजे प्रत्यक्ष स्विच, म्हणजे धातूचे संपर्क आणि स्प्रिंग. दुसरा भाग दिवा आणि त्याचा होल्डर. तिसरा भाग म्हणजे वरची रंगीत, अर्धपारदर्शक टोपी. बाहेरून सगळे एकच दिसत असले तरी यातला एकच भाग बिघडलेला असू शकतो. त्यामुळे ‘बटण गेले’ म्हणण्याआधी कोणता भाग गेला, हे तपासावे लागते.

स्विचचेही प्रकार आहेत. काही बटणे दाबली तेवढ्यापुरती जोडणी करतात आणि सोडताच परत येतात. काही दाबल्यावर अडकून राहतात. काहींची ओळ अशी जोडलेली असते की एक दाबले की आधीचे आपोआप वर येते. अँप्लिफायरवर रेडिओ, टेप, फोनो निवडण्यासाठी ही तिसरी पद्धत सर्रास वापरली जाई. एका बटणाच्या दाबाने एकाच वेळी दोन, चार किंवा त्याहून अधिक जोडण्या बदलू शकतात, कारण डावा आणि उजवा चॅनेल वेगळा असतो. याशिवाय नवी जोडणी होण्याआधी जुनी तुटते की नंतर, यातही फरक असतो. चुकीचा प्रकार बसवला तर बटण दाबताच स्पीकरमधून ‘फट्’ असा आवाज येऊ शकतो.

दिवा विझला तर बिघडते काय?

घरच्या अँप्लिफायरवरचा दिवा विझला तर फारसे बिघडत नाही. टेप रेकॉर्डरवर मात्र ‘रेकॉर्ड’चा लाल दिवा ही धोक्याची सूचना असते. यंत्र आता टेप वाजवत नाही, तिच्यावर नवे लिहीत आहे, असे तो सांगतो. तीन हेडच्या रेकॉर्डरमध्ये टेप आधी पुसणाऱ्या हेडवरून जाते, मग मुद्रण करणाऱ्या आणि शेवटी वाजवणाऱ्या. म्हणजे यंत्र चुकून रेकॉर्ड स्थितीत गेले तर जुना आवाज कानावर पडण्याआधीच पुसला गेलेला असतो. सेकंदाला १९ सेंटीमीटर या प्रचलित वेगाने दहा सेकंदांच्या चुकीत जवळपास दोन मीटर टेप कोरी होते. ती परत आणता येत नाही.

म्हणून दिवा मेलेला असताना मूळ टेप लावणे हा जुगार आहे. तसेच संपर्क अडकलेला किंवा गंजलेला ‘रेकॉर्ड’ स्विच आणि विझलेला दिवा एकत्र आले, तर चूक लक्षात येण्याचा मार्गच उरत नाही.

बल्ब का जातात?

१९६० आणि ७० च्या दशकांतील बहुतेक बटणांत तंतूचा छोटा बल्ब असे. तापलेल्या टंगस्टन तंतूचे कण हळूहळू उडून काचेवर बसतात, काच काळवंडते आणि तंतू बारीक होत जातो. थंड तंतूचा विद्युतरोध तापलेल्या तंतूच्या साधारण एक दशांश असतो. त्यामुळे दिवा लावताना क्षणभर नेहमीच्या अनेक पट प्रवाह वाहतो आणि बारीक झालेला तंतू नेमका तेव्हा तुटतो. बल्ब ‘लावतानाच उडाला’ असे अनुभवाला येते, ते यामुळे.

बल्बचे आयुष्य व्होल्टेजवर विलक्षण अवलंबून असते. तंतूच्या दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या ढोबळ नियमानुसार आयुष्य व्होल्टेजच्या बाराव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते, तर प्रकाश साधारण ३.४ व्या घाताच्या समप्रमाणात. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी केले तर प्रकाश सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, पण आयुष्य साडेतीन पट होते. उलट, वीजपुरवठा वाढीव असेल तर बल्ब झपाट्याने संपतात. एकामागून एक बल्ब जात असतील तर नवे बल्ब घेण्याआधी यंत्रातील दिव्यांचा पुरवठा मल्टिमीटरने मोजणे शहाणपणाचे.

स्विच खरोखर बदलायलाच हवा का?

बरेचदा नाही. जुन्या स्विचच्या संपर्कांवर चांदीचा मुलामा असतो. हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे त्यावर काळा थर बसतो. मोठा प्रवाह असेल तर हा थर आपोआप भेदला जातो. पण ध्वनीचा संकेत अगदी क्षीण असतो, त्यामुळे आवाज खरखरतो, एक चॅनेल गायब होतो किंवा बटण दोन-तीनदा दाबल्यावरच जोडणी होते. संपर्कांसाठीचा योग्य क्लीनर थोडासा फवारून बटण पंचवीस-तीस वेळा दाबले की अनेक स्विच पूर्ववत होतात. दाबलेले बटण वर येत नसेल तर आत घट्ट झालेले जुने ग्रीस हे कारण असू शकते. घरगुती वापराचे सर्वसाधारण वंगण येथे मारू नये. ते मागे चिकट थर ठेवते, त्यावर धूळ बसते आणि काही प्लास्टिकला ते मानवत नाही.

स्विच उघडून साफ करता येतो. मात्र त्यात तारेची बारीक पिन आणि स्प्रिंग असते. ती उडून हरवली तर तसा भाग मिळणे कठीण. म्हणून हे काम पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून करण्याची युक्ती वापरली जाते.

सुटा भाग शोधायचा कसा?

येथे पहिली अडचण नावाची आहे. रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपन्या स्विच स्वतः बनवत नसत, बाहेरून घेत. त्या पुरवठादारांची मालकी अनेकदा बदलली. बर्लिनच्या रुडॉल्फ शॅडो या कंपनीचे स्विच पुढे ‘आयटीटी शॅडो’ झाले, नंतर ‘सी अँड के’च्या छत्राखाली आले आणि ‘सी अँड के’ २०२२ मध्ये ‘लिटलफ्यूज’ने विकत घेतली. जपानच्या ‘आल्प्स’चे २०१९ मध्ये ‘आल्प्स अल्पाइन’ झाले. यंत्र बनवणाऱ्यांचीही तीच गत. विली स्टुडर यांनी १९४८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू केलेली ‘स्टुडर’ १९९४ मध्ये ‘हार्मन’कडे आणि २०२१ मध्ये ‘एव्हर्ट्झ’कडे गेली. स्विचवर छापलेले जुने नाव आज कुठल्याच विक्रेत्याच्या यादीत सापडले नाही, तरी तोच किंवा त्याच मापाचा भाग नव्या नावाने मिळू शकतो.

दुसरी पायरी मोजमापाची. व्हर्नियर कॅलिपरने स्विचची लांबी-रुंदी, दांड्याचा आकार, बटण किती खोल जाते ते अंतर आणि दोन पिनांमधील अंतर मोजावे लागते. पिनांमधील अंतर २.५ आणि २.५४ मिलिमीटर यांत दिसायला फरक नाही, पण दहा पिनांच्या ओळीत तो वाढत जातो आणि शेवटची पिन छिद्रात शिरत नाही.

बल्बचे काम तुलनेने सोपे, कारण त्यांचे क्रमांक उद्योगभर समान होते. उदाहरणार्थ, ३२७ क्रमांकाचा बल्ब म्हणजे २८ व्होल्ट आणि ४० मिलिअँपिअर, काचेचा व्यास साधारण साडेपाच मिलिमीटर. कोणत्याही उत्पादकाचा ३२७ बसतो. यंत्राचा पुरवठा २४ व्होल्टचा असेल तर असा २८ व्होल्टचा बल्ब लावणे हा एक चांगला तोडगा ठरतो. वरच्या ढोबळ नियमाने प्रकाश साधारण ६० टक्के पडतो, पण आयुष्य सहापट होते.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतील पासोड्या विठोबा परिसर ही सुट्या भागांची जुनी ठिकाणे. मापाचा नमुना हातात घेऊन तेथे फिरणे आजही उपयोगी पडते. तेथे न मिळाल्यास आंतरराष्ट्रीय वितरकांकडून मागवता येते. मात्र एखाद-दुसऱ्या स्विचसाठी कुरिअर आणि सीमाशुल्काचा खर्च स्विचच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. तिसरा मार्ग म्हणजे त्याच मॉडेलचे बंद पडलेले यंत्र विकत घेऊन त्याचे भाग वापरणे. फुटलेल्या टोप्या आता थ्रीडी प्रिंटरवरही बनवल्या जातात, पण मूळ रंगछटा आणि प्रकाश आरपार जाण्याचे प्रमाण जुळवणे सोपे नसते.

बल्बऐवजी एलईडी चालतो का?

चालतो, पण नुसता बल्ब काढून एलईडी खोचता येत नाही. एलईडीला प्रवाह मर्यादित करणारा रेझिस्टर लागतो. पुरवठा २४ व्होल्ट, लाल एलईडीला २ व्होल्ट आणि १० मिलिअँपिअर प्रवाह धरला, तर उरलेले २२ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात. म्हणजे २,२०० ओहमचा रेझिस्टर हवा. त्यात ०.२२ वॉट उष्णता निर्माण होते, म्हणून पाव वॉटऐवजी अर्ध्या वॉटचा घेणे सुरक्षित. मूळ बल्ब जवळपास एक वॉट खात असे. दहा बटणांच्या पट्टीत हा फरक मोठा आहे. बल्बच्या उष्णतेनेच जुन्या टोप्या पिवळ्या पडतात आणि तडकतात.

दुसरा मुद्दा विजेच्या प्रकाराचा. अनेक घरगुती अँप्लिफायरमध्ये दिव्यांना ट्रान्सफॉर्मरमधून थेट एसी पुरवठा जातो. बल्बला त्याने फरक पडत नाही. एलईडी मात्र उलट दिशेचे व्होल्टेज फारसे सहन करत नाही, म्हणून डायोड किंवा ब्रिज लावावा लागतो.

तिसरा मुद्दा रंगाचा. पांढऱ्या एलईडीच्या प्रकाशात निळा भाग जास्त आणि गडद लाल कमी असतो. लाल टोपीमागे तो फिका दिसतो. लाल टोपीमागे लाल, तर पिवळसर टोपीमागे उबदार छटेचा एलईडी बरा.

सर्वांत महत्त्वाचा मुद्दा चौथा. जुन्या यंत्रांत बल्ब ट्रान्झिस्टरने चालू-बंद होतो. ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून किंचित प्रवाह झिरपू शकतो. त्या प्रवाहाने बल्ब कधीच उजळत नाही, पण एलईडी मंद लुकलुकू शकतो. ‘रेकॉर्ड’च्या बटणात असा सतत मिणमिणता दिवा म्हणजे खोटी सूचना आणि काही दिवसांनी माणूस तिच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो. एलईडीला समांतर एक रेझिस्टर जोडून हा झिरपणारा प्रवाह वळवता येतो. ते केल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

बदलताना कोणते धोके असतात?

पॉवरच्या बटणातून २३० व्होल्ट जातात. तेथे ध्वनीसंकेतासाठीचा नाजूक स्विच लावणे म्हणजे आगीला निमंत्रण. त्या जागी पुरेशा क्षमतेचा, मान्यताप्राप्त स्विचच हवा. जपानमधील स्थानिक बाजारासाठी बनलेली यंत्रे १०० व्होल्टची असतात, त्यांना योग्य ट्रान्सफॉर्मर लागतो. प्लग काढल्यानंतरही मोठ्या कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. हे काम अनुभवी तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे.

दुसरा धोका सर्किट बोर्डाचा. जुन्या एकपदरी बोर्डावरचे तांब्याचे पट्टे जास्त उष्णतेने उखडतात. आठ-दहा पिनांचा स्विच ओढून काढण्याचा प्रयत्न केला तर पट्टाही त्याच्यासोबत येतो. म्हणून आधी ताजे सोल्डर लावून जुने वितळवतात, मग पंपाने किंवा तांब्याच्या जाळीने ते शोषून घेतात आणि सगळ्या पिना मोकळ्या झाल्यावरच स्विच उचलतात. बोर्ड कापून नवा स्विच बसवण्याचा मोह टाळावा. उद्या मूळ भाग मिळाला तर तो पुन्हा बसवता यायला हवा.

‘दुरुस्तीचा हक्क’ येथे लागू होतो का?

भारतात ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये याविषयी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल व टॅब्लेट, टिकाऊ ग्राहकवस्तू आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. वस्तू दुरुस्तीला किती सोपी आहे हे सांगणाऱ्या निर्देशांकासाठी सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळी समिती नेमण्यात आली. तिचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेला दुरुस्तीविषयक निर्देश लागू होण्याची तारीख ३१ जुलै २०२६ आहे. त्याच्या यादीत वॉशिंग मशीन, फ्रिज, टीव्ही, व्हॅक्यूम क्लीनर, मोबाइल अशी उपकरणे आहेत, ध्वनी उपकरणे नाहीत.

यादीत नाव आले असते तरी फारसा फरक पडला नसता. युरोपीय नियमांनुसार वॉशिंग मशीनचे अनेक सुटे भाग विक्री थांबल्यानंतर किमान दहा वर्षे आणि मोबाइलचे सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. १९७५ च्या रेकॉर्डरने पन्नाशी ओलांडली आहे. हे सारे नियम आज विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी आहेत. ज्याचा निर्माता उरला नाही किंवा तिसऱ्या मालकाकडे गेला, त्या यंत्राबद्दल ते काही सांगत नाहीत.

तरीही ही जुनी यंत्रे आज दुरुस्त होतात, त्याला कारण आहे. त्या काळी सर्व्हिस मॅन्युअलमध्ये संपूर्ण सर्किट, व्होल्टेज आणि भागांची यादी छापलेली असे. बल्ब प्रमाणित क्रमांकाचे असत. भाग स्क्रूने बसवलेले आणि पाय छिद्रातून सोल्डर केलेले असत. आजच्या ब्लूटूथ स्पीकरचे बटण बोर्डावर चिकटवलेले असते, बॅटरी गोंदाने बसवलेली असते आणि सर्किट कुठेही प्रसिद्ध केलेले नसते. पन्नास वर्षांनी त्याची दुरुस्ती कोण करू शकेल, याचे उत्तर आजच दिसते. दुरुस्ती निर्देशांकात सुट्या भागांच्या उपलब्धतेइतकेच वजन प्रमाणित मापांना आणि खुल्या माहितीला मिळायला हवे, ते यासाठी.

मग सध्या मार्ग काय?

घरात किंवा संस्थेत स्पूल असतील तर क्रम महत्त्वाचा. आधी यंत्र दुरुस्त, मग कोऱ्या किंवा निरुपयोगी टेपवर चाचणी आणि त्यानंतरच मूळ टेप. ‘रेकॉर्ड’चा दिवा चाचणीत पेटतो आणि नेमका विझतो, हे दोन्ही पाहावे. यंत्रावर ‘सेफ’ची सोय असेल तर ती वापरावी, नसेल तर तंत्रज्ञाकडून मुद्रणाची जोडणी तात्पुरती बंद करून घ्यावी. टेप उतरवण्यासाठी रेकॉर्ड करण्याची क्षमता लागतच नाही.

प्रत्येक दुरुस्तीची नोंद ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. कोणता स्विच काढला, कोणता बसवला, रेझिस्टर किती ओहमचा लावला आणि जुना भाग कुठे ठेवला, एवढे एका कागदावर लिहून तो यंत्राच्या झाकणाच्या आत चिकटवला तरी पुरे. पुढच्या तंत्रज्ञाचे कित्येक तास त्याने वाचतात. अभिलेखागारांनी आणि संग्राहकांनी अशा नोंदी, मोजमापे आणि मॅन्युअलच्या प्रती एकमेकांना दिल्या, तर प्रत्येकाला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सुटे भाग कमी होत जातील, हे आता थांबणार नाही. माहिती कमी होऊ न देणे मात्र अजून हातात आहे.